जाळ्याचं शिसं

चिखले, मंगळवार, संध्याकाळ

नववीला रासायनिक बंध मी सोळा वर्षं फळ्यावर शिकवतेय. आज नव्या कविता मॅडम शेजारच्या तुकडीवर हातोडा घेऊन गेल्या; मी खिडकीतून बघत होते. मिठाचा खडा ठोकला, तर भुगा झाला. मासे धरायच्या जाळ्याला वजनासाठी लावतात ते शिसं ठोकलं, तर नुसतं चपटं झालं. मिठातले कण सरकले की सारखे भार समोरासमोर येऊन एकमेकांना ढकलतात. शिशातले मोकळे इलेक्ट्रॉन मात्र कण धरून ठेवतात. पोरांना लगेच कळलं. टाळ्यासुद्धा वाजवल्या. माझ्या तासाला कधी वाजवल्या?

आणि ते शिसं! लहानपणी बाबांच्या जाळ्याला मीच ठोकून बसवायचे. मग मला का नाही सुचलं?

घरी येऊन आईवर चिडचिड केली. वलांडीच्या बांबूंवर वाळत घातलेले बोंबील काढता काढता ती म्हणाली, “ते शिसं माझ्याकडूनच नेलं तिनं. तू कधी मागितलंस?”