निखाऱ्यांवरची पैठणी

मंगळवार, संध्याकाळ

हातांना अजून केस जळल्यासारखा वास येतोय. आईची लग्नातली पैठणी पार विरली, म्हणून तिनं स्वतःच ती सराफ्यात, जाळून जरीतली चांदी काढायला दिली. मी सकाळपासून चिडलेली. लग्नाची पैठणी कुणी जाळतं का?

जर काढणाऱ्या चाचांनी निखाऱ्यांवर पदर पसरला. रेशीम आक्रसत, धुमसत काळं झालं. तोच केसांचा वास. मी तोंड फिरवलं.

"बघ तरी," आई म्हणाली.

राखेत पदरावरचे जरीचे पोपट जसेच्या तसे! कापड नाहीच, नुसती चांदीची तार. आगीला ते दिसलेच नाहीत की काय?

आई कितीतरी वेळ वाकून बघत राहिली.

"अगं बाई, अन् मी या पोपटांना ऊन लागू नये म्हणून जपत व्हते!"