बाबा निर्धास्तांच्या गटात

३ फेब्रुवारी
बाबांनाच पकडलं! आमच्या काळजीवरच्या प्रयोगाला घरच्या आजाऱ्याची सेवा करणारे ढीगभर मिळाले, पण तुलनेच्या निर्धास्त गटाला सत्तरीपुढचा माणूस सापडेना. काखेत कळसा नि गावाला वळसा! आमच्या बाबांइतका मजेत माणूस मी पाहिलेला नाही.

४ फेब्रुवारी
सकाळी आईबाबांकडे रक्त घ्यायला गेले. बाबा दारातूनच आत ओरडले, "अगं, आपली धाकटी आलीये, सुई घेऊन!" आई नुसती हसली. नवी कवळी टोचते म्हणून बोलत नाही, बाबा म्हणाले.
बाबांचं मनगट केवढं बारीक झालंय. कापूस दाबायच्या निमित्ताने जरा जास्तच वेळ हात धरून बसले.

११ फेब्रुवारी
भलतंच! बाबांचं कॉर्टिसॉल अख्ख्या गटात सगळ्यांत चढं. अँटिऑक्सिडंट्स तळाला. काळजी मुक्कामालाच आली की कॉर्टिसॉल हे संप्रेरक चढं राहतं, पेशींना आतून गंज धरतो, आणि गंज अडवणारे अँटिऑक्सिडंट्सच कमी पडत जातात — प्रयोगशाळेतल्या नव्या मुलींना हे मीच शिकवते. पण बाबा? छे! रक्ताची नळी बर्फात ठेवायला मला उशीर झाला असणार.
पण त्याने अँटिऑक्सिडंट्स उतरतील. कॉर्टिसॉल कसं चढेल?

१२ फेब्रुवारी
पुन्हा रक्त घेतलं. "किती रक्त पिशील माझं!" म्हणाले, आणि बाही आपणच वर केली. ह्या वेळी नळी थेट बर्फात.

१७ फेब्रुवारी
तेच आकडे. आमच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, ह्यांना सेवा करणाऱ्यांच्या गटात घाल. मी चिडलेच. आमच्याकडे कोण आजारी आहे? आई ठणठणीत, बाबा दिवसभर विनोद करतात, त्यांना कसली आलीये काळजी!
मॅडम शांतपणे म्हणाल्या, "त्यांना विचारलंस?"
नाही विचारलं. चाळीस वर्षांत एकदाही नाही. तेच मला विचारत आले — जेवलीस का, पोचलीस का, दमलीस का. लाज वाटते आहे. घाबरलेही आहे. त्यांना काही होऊ नये एवढंच.

१८ फेब्रुवारी
विचारायला गेले. बाबा दूध आणायला खाली गेले होते. दार आईने उघडलं. छान हसली.
"बसा ना," म्हणाली. "ते गृहस्थ येतीलच इतक्यात. फार चांगले आहेत हो. रोज माझी वेणी घालून देतात."