त्याचं नाणं माझ्याकडे

२ फेब्रुवारी १९८६, रविवार
नाणं माझ्याकडे आहे! आज आरे कॉलनीत फिरताना चंद्रप्रकाशने स्वतःहून हातात ठेवलं — 'अनुपमा, तुझ्याकडेच राहू दे गं.'

बंबखान्यात मी नुसती टायपिस्ट, पण तिथली रीत मला पाठ आहे. जुन्या पाइपाची पितळी तोटी वितळवून प्रत्येक जवानाचं नाणं पाडलंय, मागे त्याचा नंबर. ते कायम खिशात हवं. कुणीही मध्येच टेबलावर नाणं आपटलं की सगळ्यांनी आपापलं काढायचं. ज्याच्याकडे नसेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. आणि दुसऱ्याच्या हातात द्यायचंच झालं तर फक्त घरच्या माणसाच्या. घरच्या!

४ फेब्रुवारी
बंबखान्यातल्या सगळ्यात जुन्या जवानाने, दत्तारामकाकांनी, नाणं आपटलं. चंद्रप्रकाश खिसे चाचपत बसला. काका डोळे मिचकावत म्हणाले, 'काय रे, कुणाला दिलंस?' माझी बोटं मशीनवरच थांबली.

'हरवलं वाटतं, काका.'

हरवलं! त्याच्या चहाचा कप माझ्यापुढेही आला. तसाच मागे सरकवला. नंतर जिन्यात म्हणतो, 'सगळ्यांसमोर कसं सांगू यार? जरा थांब ना.' बरं. थांबते.

७ फेब्रुवारी
आजही त्यानेच चहा पाजला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालंय माझं.

१० फेब्रुवारी
मालाडचं स्थळ रविवारी बघायला येणार. आईला म्हटलं, नको. 'कित्याक नको? कोण आसा काय?' नाव ओठांवर आलं होतं. पण आधी त्याने माझं नाव घ्यावं, त्याच टेबलावर, सगळ्यांदेखत. एवढाच माझा हट्ट.

वेडी आहे मी. आगीची वर्दी आली, घंटा झाली, की अजून खिडकीशी धावते. बंबावर तो उभा दिसतो. परत येईपर्यंत एक ओळ धड टाइप होत नाही. रात्री नाणं पदराच्या गाठीत बांधून झोपते. फार हवाय तो मला.

१६ फेब्रुवारी, रविवार
कांदेपोहे झाले. मुलगा खरंच चांगला आहे, हीच पंचाईत. दोन दिवसांत होकार-नकार कळवायचाय. काल चंद्रप्रकाशला सगळं सांगितलं होतं. म्हणाला, 'उद्या सुट्टी. सोमवारी मिटवतोच.' पाहुण्यांसमोर मला सारखं हसू येत होतं. आईला वाटलं, मुलगा आवडला!

१७ फेब्रुवारी
काकांनी नाणं आपटलं. चंद्रप्रकाशनेही आपटलं — नवंकोरं, वाकोल्याच्या ओतकामवाल्याकडून पाडून आणलेलं, मागे त्याचाच नंबर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा.