राहून गेलेला शेवट

३१ डिसेंबर, संध्याकाळ

आज मधल्या सुट्टीत आम्ही शिक्षकांनी वर्षभरात आवडलेला एकेक सिनेमा सांगायचा, असं ठरलं. मी ह्यांच्यासोबत केजला पाहिलेला सांगितला, आजारी पोरीचा. शेवटी पोरगी वाचते म्हणून आवडला, म्हटलं.

बीडहून नव्यानं आलेल्या बाई म्हणाल्या, "कुठं वाचते? मी केबलवर पाहिला. मरते की ती."

सगळे चहाकडे बघत बसले. म्हणजे बाकीच्यांनाही खरा शेवट माहीत होता.

शेवट आम्ही पाहिलाच नव्हता. साडेआठची शेवटची एसटी, म्हणून नेहमीसारखे मधूनच उठलो. मला गाडीत बसवून हे टॉकीजच्या दारावरच्या माणसाला शेवट विचारायला परत गेले. गाडी हलली तेव्हा धावत आले, दांडा धरून चढले. धापा टाकत म्हणाले, "वाचती गं पोरगी."

आमची छकुली जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते.

राग येतोय. मी काय काचेचं भांडं आहे? पण ते धावत येणं डोळ्यांपुढून हलत नाही. टॉकीजपासून गाडीपर्यंत धावताना त्यांनी ते ठरवलं असेल. तेही एकट्यानं.

आत्ता जेवताना शाळेतल्या सिनेमांच्या गप्पांचं सांगितलं, तर ह्यांनी विचारलं, "शाळेत तू कोणता सांगितला?"

"तोच. पोरगी वाचती तो."

ह्यांचा भाकरी मोडणारा हात थांबला. मग खाली बघतच म्हणाले, "लई चांगला हाय त्यो."