देवाचं माप आणि बी-ट्वेल्व्ह

१८ सप्टेंबर

आज गिऱ्हाइकाच्या ब्लाउजवर कॅल्शियमच्या गोळीनं रेघ मारली!

चूक माझी नाही. खडूचा डबा उघडला, पांढरं हाती लागलं, बाहीची रेघ ओढली. चांगली उठली. गोळीच्या मधोमध चीर असते ती नंतर दिसली. मग खडू कुठे? खडू सोयराच्या गोळ्यांच्या डबीत — सोमवार, मंगळवार, बुधवार, तुकडे करून खणाखणात नीट मांडलेले. सोमवार-मंगळवारचे खण रिकामे. म्हणजे दोन दिवस माझी बायको खडू खाते आहे.

विचारलं तर म्हणते, "तरीच म्हटलं, गोळी घशाला चिकटत कशी नाही."

नात काव्या हसून हसून खाली बसली. म्हैसूरची पोर, निम्मं कन्नड बोलते, आजोबाला 'तात' म्हणते. "अय्यो तात, दोन्हीत कॅल्शियमच की! सुम्ने, उगाच टेन्शन नको घेऊ."

मला हसू आलं नाही. कार्तिकी एकादशीला पुरते दोन महिनेही उरलेले नाहीत.

२० सप्टेंबर

सोयराचं रक्त तपासायला दिलं.

भीती कसली ते इथे लिहितो, दुसऱ्या कुणाला सांगवत नाही. अग्रहारातल्या आमच्या विठ्ठलाला कार्तिकीची नवी अंगी आमच्या घरातून जाते. पण देवाला टेप लावायची नाही, माप कागदावर लिहायचं नाही. सासूनं ते सुनेच्या कानात सांगायचं, बस्स. मी शिंपी, पन्नास वर्षं अर्ध्या म्हैसूरच्या पँटी शिवल्या, पण देवाचं माप मला ठाऊक नाही! कापणार सोयरा, मी नुसती मशीन मारणार. नजरेनं अंदाज आहे, पण देवाला अंदाजानं कुणी शिवतं का? जुनी अंगी एकादशीलाच कातरून घरोघर प्रसाद जाते, त्यामुळे नमुनाही शिल्लक नाही.

म्हणजे सगळं माप एका डोक्यात. आणि ते डोकं खडू खातंय.

(माझे सदरेही तीच शिवते. मलाही कधी टेप लावली नाही. "तुमच्यावर कशाला टेप झिजवू?" म्हणायची. टेप लावायची ती फक्त तिच्या थोरल्या भावाला, अण्णांना.)

२३ सप्टेंबर

बी-ट्वेल्व्ह एकशे बावीस. दोनशेच्या वर हवं. डी अकरा.

डॉक्टर सुष्मा चांगली आहे, पोरीसारखं बोलते. "शुद्ध शाकाहारी, त्यात वय. विसरणं यामुळेही असू शकतं, अंकल. असू शकतं, हां. इंजेक्शनं देऊन बघू."

बाहेर आल्यावर हलकं वाटलं. कमी आहे तर भरता येतं! शिलाई उसवली तर टाका घालतो, तसंच.

२९ सप्टेंबर

मी फक्त वेंकोजीरावांना सांगितलं. आमच्या भजनी मंडळाचे ते प्रमुख. वेंकोजीरावांना सांगणं म्हणजे देवळाच्या लाउडस्पीकरवर सांगणं. आता सगळ्या मंडळानं रक्त तपासून घेतलंय! आरती झाली की आकडे सुरू. "तुझं किती?" "एकशे नव्वद." "माझं तीनशे, नोडी, बघा!" वेंकोजीरावांचं डी अडतीस निघालं, तेव्हापासून ते छाती काढून टाळ धरतात.

आणि ठराव झाला — भजन गाभाऱ्यासमोर नाही, गच्चीवर, सकाळी अकराच्या उन्हात. देवाला खाली ठेवून सगळे वर गेलो. तिसऱ्या अभंगाला दोघांना घेरी आली. काव्या लिंबू-सरबत घेऊन जिन्यात उभी.

७ ऑक्टोबर

नवं लचांड. डीच्या कॅप्सूलचं कवच जनावरांच्या हाडांचं असतं, असं कुणीतरी मोबाइलवर वाचलं. मंडळात सगळे माळकरी! तासभर वाद. शेवटी मी कात्रीनं टोक कापून आतलं ताकात पिळलं. मग काव्या म्हणते, "तात, आतलंपण मेंढीच्या लोकरीतनं काढतात. लोकरीचं तेल, अष्टे, एवढंच."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. लोकरीतला जाणता मीच ना! मेंढी मारतात का, कातरतात? कातरतात. मग चालेल. निवाडा दिला आणि घरी आलो. आयुष्यभर लोकरीचे सूट शिवले, म्हातारपणी लोकर पितो आहे.

११ ऑक्टोबर

आयुधपूजा. सोयरानं मशीनला, कात्रीला, टेपला हळदकुंकू लावलं. मग इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्यांनाही. मी नमस्कार केला.

२० ऑक्टोबर

सून भाग्याला माप सांगून ठेवायचं ठरवलं. वेळ पाहिली, समई लावली. भाग्या नवी साडी नेसून पाटावर बसली. आम्ही पुरुष ओसरीवर, कानात बोटं घालून. सोयरानं पदर सावरला, सुनेच्या कानाशी वाकली, काहीतरी सांगितलं.

भाग्या धावत आत गेली!

"काय म्हणाल्या?" मी ओरडलो. न राहवून.

"'गॅस बंद केलास का गं?' म्हणाल्या, मामंजी."

गॅस खरंच चालू होता. भात करपला होता. वेंकोजीराव म्हणाले, "बघा, बी-ट्वेल्व्ह चढतंय!"

२ नोव्हेंबर

आज तिनं मला दोनदा चहा दिला आणि तिसऱ्यांदा विचारलं, "चहा घेणार का?" घेतला. तिन्ही प्यालो. काय करणार?

८ नोव्हेंबर

रिपोर्ट आला. तेराशे चाळीस!!

एवढा आकडा मंडळात कुणाचाच नाही. वेंकोजीरावांनी देवाला नारळ फोडला. रिपोर्टची झेरॉक्स देवळाच्या फळ्यावर लावली, उत्सवाच्या कार्यक्रमाखाली. येणारे जाणारे वाचून सोयराला नमस्कार करतात. ती सगळ्यांना विचारते, "जेवलात?"

डॉक्टर सुष्मा मात्र फार हसली नाही. "आकडा छान आलाय, अंकल. आता यात कमतरता नाही. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू, डोक्याचा फोटो काढू." मी म्हटलं, एकादशी होऊ दे.

तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं. कळलं नाही असं दाखवलं.

९ नोव्हेंबर

सोयरानं कापलं! पिवळं रेशीम पाटावर पसरलं, खडू घेतला (खडूच, मी आधी पाहिला) आणि सरसर रेघा मारल्या. एकदाही थांबली नाही, चाचपडली नाही. तिशीत बसायची तशीच मांडी घालून बसली होती. दारात उभा राहून मी रडलो.

मग कापड मशीनवर आलं आणि हात थांबला. केवढं हे! आमचा देव हातभर उंच. वेंकोजीरावांना बोलावून दाखवलं.

"रंगनाथराव, मोठं वाटतंय खरं."

"वाटतंय? दोन देव मावतील!"

"पण तेराशे चाळीस आहे. चुकेल कसं? आजवर आपणच तोकडं घालत आलो असू."

शिवलं. मला तरी खरं कुठे मानायचं होतं?

१२ नोव्हेंबर

एकादशी. अंगी घातली आणि देव दिसेना. देव गेला, वीट गेली, पुजाऱ्यांचा डावा हात गेला. वेंकोजीराव म्हणाले, "विश्वरूप!" दोघातिघांनी हात जोडलेसुद्धा. मग काव्याला हसू फुटलं आणि सगळं देऊळ हसलं. सोयराही हसली, टाळ्या वाजवून.

पुजाऱ्यांनी उपरणं नेसवून वेळ निभावली. अंगी घरी आणली.

१३ नोव्हेंबर

दुपारी सोयरा झोपली होती. सहज अंगी चढवून बघितली. खांदा बरोबर. गळा बरोबर. बाही मनगटाच्या हाडावर. डाव्या खांद्याला अर्धा इंच उतार — माझा डावा खांदा पडका आहे, हे तिच्याशिवाय कुणाला माहीत नाही.

आरशात ती मागे दिसली. जवळ आली, गळपट्टी सरळ केली. मग एकदम ओशाळून म्हणाली —

"काढा बघू, अण्णा. यजमान येतील इतक्यात. त्यांच्यासाठी शिवलीय."

काढली. घडी करून तिच्या हातात दिली.