एकवीस दिवसांत एकही हल्ला नाही

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. उद्या कोणी विचारलं की शोध नेमका कधी लागला, तर तारीख हाताशी असावी.

तर तो शुक्रवारी दुपारी लागला. कुरिअर कंपनीत बावीस वर्षं नेटवर्क सांभाळतोय, पण सॉर्टिंग हॉलमध्ये नीट उभा राहून कधी पाहिलं नव्हतं. प्रिंटर अडला म्हणून गेलो होतो. (सगळे मला प्रिंटरसाठीच बोलावतात. हे आता बदलेल.) पट्ट्यावरून पार्सलं येत होती, सॉर्टिंगच्या बाई पत्ता बघून डावीकडे-उजवीकडे ढकलत होत्या. मनात आलं, नेटवर्कवरून माहितीची अशीच छोटी पाकिटं धावतात. रस्ता दाखवणारं एक यंत्र, पहारा देणारं दुसरं. दोन कशाला? एकच डबा हवा. तो प्रत्येक पाकिटाला थांबवून तीन प्रश्न विचारेल : कुठून आलास, कुठे चाललास, कोणी पाठवलं. समाधान झालं तरच आत.

नाव ठरलं : द्वारपाल.

सॉर्टिंगच्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, मी प्रत्येक पार्सलाची अशी चौकशी करत बसले तर संध्याकाळपर्यंत छताला ढीग लागेल. बाई चांगल्या आहेत, पण दृष्टी नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ६.४५
डबा तयार. आत जुन्या कॉम्प्युटरचं काळीज, बाहेर स्वयंपाकघरातला स्टीलचा डबा. पुढे हिरवा दिवा, वर छोटा स्क्रीन. डबा कुठला, असं बायकोने विचारलं. संशोधन, म्हणालो. तिने झाकण मागितलं. दिलं.

बाहेरून येणारी लाइन आणि घरातला वायफाय यांच्या मधोमध बसवला. दिवाणखान्यातल्या पुस्तकांच्या कपाटावर छान दिसतो.

५ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.२०
पहिल्या दिवसाचा निकाल : हल्ले शून्य. किरकोळ तक्रारी आहेत. बायको दहावीच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवते, ती म्हणते की तीन वाजल्यापासून वर्गाला स्वतःच्याच गोठलेल्या चेहऱ्याने शिकवत होते. लेक नोकरीचे अर्ज पाठवत होती, ते गेले नाहीत. सासरेबुवांचा बुद्धिबळाचा डाव अडकला.

सुरुवातीला असं व्हायचंच.

६ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी
सासऱ्यांविषयी. वय अठ्ठ्याहत्तर. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून सहा महिने आमच्याकडे आहेत. टेलिफोन खात्यात लाइनमन होते. चाळीस वर्षं खांबांवर चढले. आता दिवसभर एक्सचेंजमधल्या जुन्या मित्राशी ऑनलाइन बुद्धिबळ खेळतात. त्यांनी विचारलं, जावईबापू, डब्याला उत्तर द्यायला उशीर झाला तर लाइनने काय करायचं? मी म्हटलं, थांबायचं. ते म्हणाले, किती? मी म्हटलं, समाधान होईपर्यंत. ते नुसतं हं म्हणाले.

त्यांच्या काळात तारा होत्या, पाकिटं नव्हती. समजावून सांगितलं. अर्धा तास ऐकून घेतलं त्यांनी. ऐकण्याचं यंत्र त्याआधीच काढून ठेवलं होतं हे नंतर कळलं.

८ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी
घरात वातावरण बरं नाही. बायको दोन दिवस शेजारणीच्या गॅलरीत बसून वर्ग घेतेय. म्हणाली, तुमच्या पहारेकऱ्याने मलाच घराबाहेर काढलं. लेक तर माझ्याशी बोलतच नाही. वीस तारखेला तिची मोठ्या कंपनीत व्हिडिओवर मुलाखत आहे. वर्षभर ती या एका मुलाखतीची वाट बघत होती. आईकडून निरोप पाठवला की त्या दिवशी डबा काढा, नाहीतर मी मावशीकडे राहायला जाते.

डबा काढणार नाही. काही तत्त्वं असतात. प्रोग्राममधली एक ओळ बदलतो.

९ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ११
ओळ बदलली. तपासायला वेळ मिळाला नाही, कारण केस कापायला जायचं होतं.

परत आलो तर सासरे कपाटाशी स्टुलावर बसलेले, मांडीवर त्यांचा जुना काळा टेलिफोन. बंदच पडलेला आहे. म्हणाले, आठवण म्हणून द्वारपालाच्या शेजारी ठेवू का? या वयात माणूस हळवा होतो. ठेवा म्हटलं.

१० फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळी ७
एका ओळीने चमत्कार केला. सकाळपासून घरात एकही तक्रार नाही. बायकोचा वर्ग सुरळीत, लेकीचे अर्ज गेले, सासऱ्यांनी दोन डाव जिंकले. स्पीड आधीइतकाच. हल्ले : शून्य.

बायकोला म्हटलं, बघितलंस? ती म्हणाली, बघितलं. अजून काही म्हणेल म्हणून थांबलो. ती पोळ्या करायला गेली.

१२ फेब्रुवारी, बुधवार
नवीन निरीक्षण. दर तासाला कपाटाकडून टक् असा बारीक आवाज येतो. विचार करून उलगडा झाला. हल्लेखोर येतो, दार बघतो, परत जातो. आत शिरतच नसल्यामुळे स्क्रीनवर नोंद होत नाही. म्हणून शून्य.

दर तासाला येतात म्हणजे वेळेचे पक्के दिसतात.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी, ऑफिसातून
मॅडमना भेटलो. आमच्या विभागाच्या प्रमुख. मागच्या महिन्यात सॉर्टिंग हॉलमध्ये व्हायरस शिरला होता तेव्हापासून वरचे लोक त्यांच्या मागे लागलेत. पाच दिवसांचा अहवाल दाखवला. त्यांनी विचारलं, एवढा वेगही राहतो आणि एकही हल्ला नाही, असं कसं? मी म्हटलं, तीच तर गंमत आहे. त्या म्हणाल्या, एकवीस दिवस चालवून दाखवा, मग तीन मार्चला हॉलमध्ये लावून बघू. वर मी शब्द टाकते.

बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या केबिनमध्ये बसून बोललो. एरवी वायरी जोडताना टेबलाखालून बोलतो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
पेटंटच्या वकीलबाईंकडे जाऊन आलो. तरुण आहेत. सगळं ऐकून विचारलं, यात नवीन काय? प्रश्न मनाला लागला, पण शांत राहिलो. त्यांनी आधीच्या शोधांची यादी काढून दिली, एक्केचाळीस पानं. रस्ता ठरवणारी यंत्रं, पाकिटं तपासणारी यंत्रं, दोन्ही करणारी यंत्रं. सोळाव्या पानावर तर हुबेहूब माझीच कल्पना. लोकांनी ती चोरली, तीही एकोणीस वर्षं आधी.

वकीलबाई म्हणाल्या, असं कायद्यात म्हणता येत नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी २
लेकीची मुलाखत पन्नास मिनिटं चालली. एकदाही अडकली नाही. मी दाराबाहेर उभा होतो. मध्ये एकदा टक् झालं, मी दाराला कान लावला, पण आतून तिचं हसणं ऐकू आलं. बाहेर आली आणि थेट आजोबांच्या गळ्यात पडली. मला वाटलं चुकून आधी तिकडे गेली. मग माझ्याकडे आली नाही, पाणी प्यायला गेली.

हरकत नाही. जे कामाला येतं ते दिसत नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार
लेकीला नोकरी लागली. घरात आनंद. मी थोडक्यात सांगितलं की अशा वेळी पायाभूत सुविधांचा वाटा किती असतो. बायकोने सासऱ्यांकडे बघितलं. सासरे खिडकीबाहेर बघत होते. लेक काहीतरी बोलणार होती, बायकोने तिला स्वयंपाकघरात बोलावलं.

कौतुक तोंडावर करायची आमच्याकडे पद्धत नाही.

२ मार्च, रविवार. सकाळी ९
एकवीस दिवस पूर्ण. हल्ले शून्य, तक्रारी शून्य. डबा उद्यासाठी काढून पिशवीत भरला. जुना टेलिफोन बाजूला सरकवला. सासरे म्हणाले, जावईबापू, टेलिफोनही बरोबर न्या. मी म्हटलं, आठवणी घरी असाव्यात. ते म्हणाले, तरी न्या. मी म्हटलं, ऑफिसात हसतील. त्यांनी टेलिफोन पुन्हा माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, एका ठिकाणी आधी थोड्या वेळासाठी लावून बघा, सगळीकडे एकदम नको.

अनुभवी माणसाला भीती जास्त असते.

३ मार्च, सोमवार. दुपारी १.३०, ऑफिसच्या जिन्यात
१०.०० : डबा बसवला. सगळीकडे एकदम.
१०.०१ : हिरवा दिवा. टाळ्या.
१०.०४ : स्कॅनर बंद. स्क्रीनवर पत्ते दिसेनात. पट्टा चालूच.
१०.१५ : पार्सलं पट्ट्यावरून खाली पडू लागली. एकात भांडी असावीत.
१०.२० : सॉर्टिंगच्या बाईंनी खडू मागवला आणि पार्सलांवर हाताने गावं लिहायला घेतली. माझ्याकडे बघितलंही नाही. ते जास्त लागलं.
१०.४० : मॅडम आल्या. स्क्रीनवर लिहिलेलं होतं : सर्व सुरक्षित. त्यांनी ते दोनदा वाचलं. म्हणाल्या, चोर आत येत नाही हे खरं आहे, पण मालकही येत नाही.
१०.४५ : डबा काढला. सगळं सुरू.

माझ्या मते ऑफिसच्या वायरी निकृष्ट आहेत.

३ मार्च, संध्याकाळी ५.३०
मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. बसा म्हणाल्या नाहीत. वरून फोन आला होता, शब्द त्यांनी टाकला होता, ऐकून त्यांनाच घ्यावं लागलं. मी म्हटलं, घरी एकवीस दिवस चाललाय, अहवाल खोटा नाही, रविवारी स्वतः येऊन बघा. त्या म्हणाल्या, येते. बघायलाच हवं.

घरी सांगितलं. बायकोच्या हातातलं पातेलं खाली पडलं. पाहुणे येणार म्हटलं की ती नेहमीच घाबरते.

८ मार्च, शनिवार. दुपारी
डबा पुन्हा कपाटावर. टेलिफोन सासऱ्यांनी स्वतः शेजारी ठेवला. ताबडतोब सगळं झकास. टक् सुद्धा परत आलं. म्हणजे दोष ऑफिसचाच.

बायको म्हणाली, मला तुमच्याशी जरा बोलायचंय. मी म्हटलं, उद्यानंतर. ती म्हणाली, उद्याच्या आधी बोललेलं बरं. पण मला पडदे धुवायला टाकायचे होते.

९ मार्च, रविवार. दुपारी ४
जसं झालं तसं लिहितो.

मॅडम अकरा वाजता आल्या. स्पीड दाखवला, स्क्रीन दाखवला. त्या वाकून कपाटामागे बघत होत्या. म्हणाल्या, ही तिसरी वायर कसली? मी म्हटलं, दोनच आहेत. त्या म्हणाल्या, तीन आहेत. मोजल्या. तीन होत्या. तिसरी टेलिफोनच्या पोटात जात होती.

मग सासरे काठी टेकत उठले. मॅडमकडे नाही, माझ्याकडे बघून बोलले. म्हणाले, जावईबापू, चूक माझी. टेलिफोनच्या आत मी एक रिले बसवला. तो तासातून एकदा लाइन तुमच्या डब्याकडे देतो. डब्याने तीन सेकंदांत उत्तर दिलं तर लाइन त्याची. नाही दिलं तर टक् करून लाइन जुन्या रस्त्याने जाते. रोज वाटायचं, आज देईल उत्तर.

मी विचारलं, एकदा तरी दिलं का. ते म्हणाले, अजून नाही.

म्हणजे एकवीस दिवस डब्यातून एक पाकीटही गेलं नव्हतं. हल्ला येणार कुठून. दार नुसतं भिंतीवर टांगलेलं होतं.

बायको म्हणाली, बाबांनीच सांगू नका म्हटलं. म्हणाले, माणूस बऱ्याच वर्षांनी शीळ घालत ऑफिसला जातोय, मन मोडू नका. लेक म्हणाली, बाबा, मी सांगणार होते. मी म्हटलं, असू दे. मी शीळ घालतो हे मला माहीत नव्हतं.

मॅडमनी टेलिफोन उघडून बघायला मागितला. अर्धा तास तिघंचौघं त्या टेलिफोनवर वाकले होते. मी चहा केला.

१० मार्च, सोमवार. संध्याकाळी ६
दिवसभर टेबलाखालीच होतो. तिसऱ्या मजल्यावरचा प्रिंटर. बरं वाटलं, तिथे कोणी बोलत नाही.

वकीलबाईंना फोन करून अर्ज थांबवायला सांगितलं. त्यांनी अजून सुरूच केला नव्हता.

१३ मार्च, गुरुवार
मॅडमचा घरी फोन. माझ्यासाठी नव्हता. व्हायरसची भीती अजून आहेच, म्हणून कंपनी पहारा देणारं बाहेरचं तयार यंत्र घेणार आहे. पण ते कधी अडलं तर हॉल थांबायला नको. सासऱ्यांचा रिले त्याला बसेल का, सोमवारी दहाला येऊन दाखवाल का. सासरे म्हणाले, येईन, पण जावयांना बरोबर घेऊन. मला शिडी चढता येत नाही आता.

१७ मार्च, सोमवार. संध्याकाळी ७
गेलो. गेटवर सासऱ्यांना सल्लागार असा पास मिळाला. पहारेकरी नवीन होता, त्याने मलाही पास दिला. त्यावर लिहिलं होतं : सोबत.

मी शिडीवर, सासरे खाली खुर्चीत. ते सांगत गेले, मी जोडत गेलो. कुठली तार कुठे, हे त्यांना न बघता कळतं. नवीन यंत्र मुद्दाम बंद पाडून बघितलं. टक्. स्कॅनर थांबले नाहीत. सॉर्टिंगच्या बाईंनी मान वर केली, सासऱ्यांना नमस्कार केला आणि कामाला लागल्या.

मॅडम अहवाल लिहायला बसल्या. विचारलं, हे कोणी बनवलं म्हणून लिहू? सासरे म्हणाले, आम्ही दोघांनी. मॅडमनी माझ्याकडे बघून विचारलं, यात यांचं काम नेमकं कोणतं? सासऱ्यांनी बराच वेळ विचार केला. खोटं बोलायची त्यांना सवय नाही. मग म्हणाले, बंद पडण्याचं. रिले तपासायला बंद पडणारं काहीतरी लागतंच, आणि इतका भरवशाने बंद पडणारा डबा मी चाळीस वर्षांत पाहिला नाही.

मॅडमनी तसंच लिहून घेतलं.

भरवशाने, हा शब्द अहवालात आहे. मी वाचून खात्री केली.