धुऊन ठेवलेला सिनेमा

तीर्थरूप दादास,

धाकटीचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? वहिनी तेल चोळून देते ना? देवदयेने इकडे सगळे ठीक, असे लिहिणार होते, पण देवाचे नाव घेऊन खोटे लिहायला हात धजत नाही.

परवा तुझ्या जुन्या सिनेमा खात्यातून एक बाई आल्या. (चपला बाहेर काढल्या, म्हणून आत घेतले.) आपल्या प्रांतातल्या कार्टून सिनेमांच्या इतिहासाचे प्रदर्शन भरते आहे आणि त्यात मानाचे पान म्हणे तुझ्या बोक्याला! मला हसूच आले. उंदरांकडे मते मागणारा तो बोका तेव्हाच्या मंत्र्यांसारखा दिसतो, अशी कुणीतरी चुगली केली आणि याच खात्याने सिनेमा डब्यात घातला, तुला गोदामात. (मंत्र्यांना स्वतःला बोका आवडला होता, असे तू म्हणायचास.) तेव्हापासून तू ब्रश हातात धरला नाहीस. आता त्याच मंत्र्यांचे चिरंजीव मंत्री आहेत आणि उद्घाटनही तेच करणार. रीळ खात्याने कधीच जाळले, म्हणून बाईंना हवे होते ते तू चित्रे रंगवलेले प्लास्टिकचे पारदर्शक ताव, माझ्या माळ्यावर ठेवलेले.

दादा, पुढचे बसून वाच. ते ताव मी गेल्या महिन्यात धुतले.

तूच सांगायचास ना, ताव मिळेनासे झाले की खात्यात एका सिनेमाचे ताव धुऊन दुसऱ्याला वापरत, आणि धुण्यात तुझा हात धरणारा कुणी नव्हता? तेच डोक्यात बसलेले. फडताळात अंथरायला नवे प्लास्टिक कशाला आणा, म्हणून कोमट पाण्यात साबण कालवून बसले. रंग इतका सुरेख निघत होता की भजन म्हणत धुतले. उंदीर गेले, सभा गेली, चंद्रही गेला. बाईंना मी कौतुकाने फडताळ उघडून दाखवले. त्यांनी पिठाचा डबा उचलला, खालचा ताव उजेडात धरला आणि डब्यासकट मटकन खाली बसल्या. “सगळेच?” “सगळेच हो, कोपरेसुद्धा घासलेत.” वर आमच्या ह्यांनी भर घातली, “आमच्याकडे काही वाया जात नाही!” धरणी पोटात घेईल तर बरे, असे झाले. परवापासून देवासमोर बसते तीसुद्धा डोळे मिटून, त्याच्याकडे बघवत नाही म्हणून. तुझी उमेदीची वर्षे मी मोरीत ओतली. वाटेल ते बोल, पण अबोला धरू नकोस.

तुझी,
तोंड लपवून बसलेली धाकटी

ता. क. बाई निघताना फडताळामागे एक लांबट ताव सापडला. मापात बसेना म्हणून न धुता राहिलेला. त्यावर नुसता बोका, हात जोडलेला. बाईंनी तान्ह्या पोरासारखा उचलून नेला. काल त्यांचा फोन आला. त्यांचे साहेब घाबरलेत, बोका आताच्या मंत्र्यांसारखा हुबेहूब दिसतो म्हणून! (मुलगा बापाच्या वळणावर गेला, त्यात तुझा काय दोष?) प्रदर्शन बेमुदत पुढे ढकलले आहे. म्हणजे तुझा सिनेमा पुन्हा बंद पडला, पण या खेपेला माझ्यामुळे नाही. लाज अर्धी उतरली. उरलेली तू आल्याशिवाय उतरायची नाही.

आणखी एक. ताव फडताळातून काढून, कोरडे करून मऊ कापडात गुंडाळून ठेवलेत. एक ओरखडा नाही. ब्रश घेऊन ये. उंदीर तेवढे काढायचे आहेत, बोका खात्याने आजच परत पाठवला.